शेवटची नोंद आणि शेवटचा प्राणी

तुम्ही विचारलंय की एखादा दुर्मीळ प्राणी शेवटचा दिसला तेच वर्ष तो नामशेष झाल्याचं धरायचं का, आणि तसं नसेल तर खरं वर्ष काढतात कसं.

तेच वर्ष धरू नये. शेवटचा जीव मरताना तिथे माणूस हजर असतोच असं नाही. डोडोची शेवटची खात्रीची नोंद १६६२ ची. रॉबर्ट्स आणि सोलो या संशोधकांनी २००३ मध्ये जुन्या नोंदींमधल्या अंतरांवरून हिशोब मांडला, तेव्हा उत्तर आलं १६९० च्या आसपास. म्हणजे जवळपास तीस वर्षं तो कुणाच्या नोंदीत न येता जगला असावा.

मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून यातला सगळ्यात साधा हिशोब करून दाखवतो. कॅरिबियन समुद्रातल्या मंक सीलच्या नोंदी होत्या १९१५, १९२२, १९३२, १९४८ आणि १९५२ च्या. सोलो यांनी १९९३ च्या लेखात १९१५ हे शून्य धरलं. शेवटची नोंद ३७ व्या वर्षी येते आणि १९९२ पर्यंत एकूण ७७ वर्षं होतात. सील पूर्वीसारखेच टिकून असते, तर पहिलीनंतरच्या चार नोंदी या ७७ वर्षांत कुठेही पडू शकल्या असत्या. चारही पहिल्या ३७ वर्षांतच पडण्याची शक्यता किती? ३७ भागिले ७७, त्याचा चौथा घात: सुमारे ५ टक्के. हा आकडा जितका छोटा, तितकं सील अजून टिकून असल्याचं मानणं अवघड. (‘सील जिवंत असण्याची शक्यता ५ टक्के’ असा याचा अर्थ नाही. ही चूक माझे विद्यार्थी दर वर्षी करतात.) अमेरिकेने २००८ मध्ये हा सील नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

हाच हिशोब रानपिंगळ्याला लावून बघा. माझं आजोळ शहाद्याचं, त्यामुळे हे उदाहरण मला फार जवळचं आहे. १८७२ ते १८८४ या काळात या छोट्या घुबडाचे फक्त सात नमुने (मारून, कातड्यात भरण घालून जपलेले पक्षी) मिळाले, त्यातले बरेचसे जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात गोळा केलेले. त्यानंतर खात्रीची एकही नोंद नाही. १९९७ सालापर्यंत मोजलं तर १२५ वर्षं होतात, आणि सगळ्या नोंदी पहिल्या १२ वर्षांत. १२ भागिले १२५ चा सहावा घात काढला की आकडा येतो दहा लाखांत एकापेक्षाही कमी. कुठलाही संख्याशास्त्रज्ञ म्हणाला असता, पक्षी संपला.

पण २५ नोव्हेंबर १९९७ ला पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या पक्षी अभ्यासकांना तो शहाद्याजवळच दिसला.

गणित चुकलं नव्हतं, गृहीतक चुकलं होतं. सूत्र धरून चालतं की शोधणारे डोळे दर वर्षी सारखेच असतात. पण त्या बारा वर्षांत रानात जाऊन नमुने गोळा करणारी माणसं होती. पुढे त्या जंगलात तो पक्षी ओळखणारं फारसं कुणी गेलंच नाही, आणि सलीम अली व डिलन रिप्ली यांनी शोधलं तेव्हा तो हाती लागला नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त चीड आणणारी वाटते. रिचर्ड माइनर्ट्झहेगन या ब्रिटिश कर्नलच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता. चिठ्ठीवर गुजरातेतलं मांडवी आणि साल १९१४. तपासणीत निघालं की तो लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला, मुळात डेव्हिडसनचाच नमुना होता, पुन्हा भरून खोटी चिठ्ठी लावलेला. एक खोटी नोंद शेवटचं वर्ष तीस वर्षं पुढे ढकलते आणि शोधणाऱ्यांना भलत्याच रानात पाठवते. रासमुसेन यांनी ती बाजूला ठेवली आणि जुन्या, खऱ्या नमुन्यांच्या जागाच धुंडाळल्या. पूर्वेकडे काही मिळालं नाही, खानदेशात मिळालं. आता मेळघाटात त्याची चांगली वस्ती आहे, आणि २०१४ मध्ये तो ठाणे जिल्ह्यात तानसाच्या अभयारण्यातही आढळला.

म्हणून तुमच्याकडे एखाद्या प्राण्याच्या नोंदी असतील, तर सूत्राला हात लावण्याआधी प्रत्येक वर्षासमोर दोन रकाने आखा: पुरावा काय आहे, आणि त्या वर्षी तिथे शोधायला कोण गेलं होतं. दुसरा रकाना रिकामा असेल, तर ते वर्ष ‘दिसला नाही’ म्हणून मोजू नका.