सवाल तुमचा : आशियातले पक्ष एका टेबलावर

प्रश्न : बिंदू चौकातल्या सभेत वक्ता म्हणाला, आशियातले पक्ष एकत्र बसून चर्चा करतात. आमच्या गल्लीत दोन गट एका मांडवात येत नाहीत! खरं काय? – एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : गल्लीचं तुम्ही बघा, आशियाचं मात्र खरं आहे. सप्टेंबर २००० मध्ये मनिलात आशियाई राजकीय पक्षांची परिषद भरली; पुढाकार फिलिपिन्सचे राजकीय नेते होसे दे व्हेनेशिया यांचा. पुढं ती बँकॉक, बीजिंग, सोल अशी फिरली. बोलावणं सत्ताधाऱ्यांना आणि विरोधकांनाही. चीनचा कम्युनिस्ट पक्ष आणि निवडणुकीत आपटी खाल्लेले पक्ष शेजारी बसतात, गंमत तीच आणि गोचीही तीच. सगळ्यांना चालेल असा ठराव म्हटला की तो गुळमुळीतच होणार, शिवाय बंधन कुणावरच नाही. मला विचाराल तर खरं काम चहाच्या सुट्टीत होतं. सरकारांचा अबोला असला तरी पक्षवाल्यांना बोलता येतं. १९५३ मध्येही रंगूनला आशियातले समाजवादी जमले होते, पण ती एकाच विचाराची मंडळी.