कल्चरमध्ये सगळीकडे ‘आर’ आलाय, जंतूचं जीनोम सिक्वेन्सिंग करून घ्यावं का?

तुमचे वडील आयसीयूत आहेत, कल्चरमध्ये क्लेब्सिएला नावाचा जंतू निघाला, मेरोपेनेमसारख्या ताकदीच्या अँटिबायोटिकपुढेही ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही) आलाय आणि कुणीतरी सांगितलं की पुण्याला पाठवून जीनोम करून घ्या, म्हणजे जंतूच्या डीएनएची सगळी अक्षरं वाचून घ्या. मी कोल्हापुरातच मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये असतो. उपचारासाठी म्हणून त्यात पैसे घालू नका.

त्यापेक्षा डॉक्टरांना विचारा, कार्बापेनेमेजचा (मेरोपेनेमसारखी औषधं फोडणाऱ्या एन्झाइमचा) पीसीआर झालाय का? जंतूकडे एनडीएम आहे की ऑक्सा-४८ च्या घराण्यातलं जनुक, हे त्यातून काही तासांत कळतं आणि औषध त्यावर ठरतं. सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम ऑक्सा-४८ ला आवरू शकतं, एनडीएमपुढे मात्र एकटं चालत नाही; जोडीला अझ्ट्रिओनाम लागतं. आपल्याकडे दोन्ही जनुकं एकाच जंतूत सापडतात, तेव्हा दोन्ही बघायला सांगा. डोस आणि किडनीचं गणित डॉक्टरांवर सोडा.

मग जीनोम कशाला काढतात? शेजारच्या बेडसाठी. मॅकॉन्कीवर (जंतू वाढवायच्या प्लेटवर) क्लेब्सिएलाच्या कॉलनी गुलाबी, बुळबुळीत दिसतात. काही तर लूपने (तारेच्या कडीने) उचलल्या की काकवीसारखी तार सुटते. दोन पेशंटच्या प्लेटा शेजारी ठेवल्या तर फरक सांगता येत नाही, सेन्सिटिव्हिटीही (कोणतं औषध चालतं, कोणतं नाही) सेम टु सेम. पण एकाचा जंतू दुसऱ्याकडून आला का, हे तेवढ्यावरून सांगता येत नाही. जीनोम साधारण ५५ लाख अक्षरांचा. दोघांत मोजक्याच अक्षरांचा फरक निघाला, तर जंतू वॉर्डातच फिरतोय: सिंक, व्हेंटिलेटरच्या नळ्या, नाहीतर आपलेच हात. हजारोंचा निघाला, तर दोघांचे जंतू वेगवेगळीकडून आलेत. (तरी प्लास्मिड, म्हणजे जंतूतला डीएनएचा सुटा तुकडा, एकच असू शकतं. एनडीएम बहुतेकदा प्लास्मिडवर बसून एका जातीतून दुसऱ्या जातीत जातं, आणि तिथे भल्याभल्यांची दमछाक होते.)

वॉर्डाबाहेरच्या साथीतही जीनोम असाच कामी येतो. पाकिस्तानात, सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ च्या नोव्हेंबरपासून सेफ्ट्रिअॅक्सोनला न जुमानणारा टायफॉइड पसरला. जीनोम वाचल्यावर कळलं की एच५८ हा टायफॉइडच्या जंतूचा जुनाच वंश, फक्त आतड्यातल्या दुसऱ्या जंतूंकडचं प्लास्मिड त्याने उचललंय. २०१९ मध्ये पाकिस्तानने टायफॉइडची कॉन्जुगेट लस नेहमीच्या लसीकरणात आणली, सुरुवात सिंधमधूनच. त्या जीनोमचं वाचन झालं मात्र इंग्लंडमध्ये. आता बंगळुरूचं केम्पेगौडा इन्स्टिट्यूट, तसंच नायजेरिया, कोलंबिया, फिलिपिन्समधल्या लॅब आपले जंतू आपणच वाचतात, ते मला जास्त मोलाचं वाटतं.

मशीन परवडत नाही, ही तक्रार अर्धीच खरी. नॅनोपोरचं सिक्वेन्सिंगचं छोटं यंत्र हातात मावतं, लॅपटॉपला लावून चालतं. खरी अडचण रिएजंटची: परदेशातून येणार, कस्टममध्ये अडकणार, थंड ठेवावे लागणार, मुदतही कमी. शिवाय एका रनमध्ये बरेच नमुने भरले तरच खर्च निघतो. तेवढे जमेपर्यंत थांबलं तर वॉर्डातली साथ तोवर ओसरलेली असते. आणि त्याच्याही आधी जंतू प्लेटवर वाढायला हवा. मेडिकलमधून अँटिबायोटिकचे दोन-दोन कोर्स संपवून आलेल्यांच्या प्लेटा कोऱ्याच निघतात, मग सिक्वेन्सिंग कशाचं करणार?

एक काम मात्र आजच करा. वडिलांचं कल्चर ज्या लॅबने केलं तिथे फोन करून सांगा की प्लेट टाकू नका, जंतू ग्लिसरॉलमध्ये घालून डीप फ्रीजरला ठेवा. त्याच आयसीयूत आणखी कुणाला असाच क्लेब्सिएला निघाला, तर इन्फेक्शन कंट्रोलवाल्यांना तुलनेसाठी दोन्ही लागतील.