ग्रीक-संस्कृत न येता प्राचीन जागतिक साहित्याचा अभ्यास करता येतो का?

तुमचं बी.कॉम. झालंय, ना संस्कृत येत ना ग्रीक, आणि मेसोपोटेमियाच्या गिल्गमेश महाकाव्यापासून 'डॉन किहोते'वाल्या सर्वांतिसपर्यंत वाचायचंय. आधी भाषा शिकू की अनुवाद घेऊ, आणि क्रम काय लावू, असा तुमचा प्रश्न.

अनुवाद घ्या. आजच घ्या.

एम.ए.च्या तोंडी परीक्षेत मी 'कलीला व दिम्ना'वर, म्हणजे पंचतंत्राच्या अरबी अवतारावर, बोलायला लागलो. समोरचे सर म्हणाले, "अरबी येतं?" नाही म्हटलं. "मग वाचलंत काय? अनुवादात वाचलेलं वाचण्यात जमा नाही." बाकीचे दोघे हसले, मी घाम पुसत बाहेर आलो. हेच सर आम्हाला वर्षभर होमर शिकवत होते, इंग्रजीतून! हे मला सुचलं बसस्टॉपवर.

तिथे बोलायला हवं होतं ते आता इथे लिहितो. सहाव्या शतकात इराणच्या खुस्रो अनुशीरवानच्या दरबारातल्या बुर्झोय वैद्याने पंचतंत्र पहलवीत, म्हणजे तेव्हाच्या इराणी भाषेत, नेलं. ती पहलवी प्रत हरवलीच. पण तिच्यावरून आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने अरबी केलं होतं. आपले करटक-दमनक हे कोल्हे त्यात कलीला-दिम्ना झाले. पुढे हिब्रू, लॅटिन, स्पॅनिश, इटालियन अशी गावं घेत १५७० मध्ये टॉमस नॉर्थने ते इटालियनवरून इंग्रजीत आणलं. याच नॉर्थने १५७९ मध्ये ग्रीक चरित्रकार प्लूटार्क इंग्रजीत केला, तोही ग्रीकवरून नव्हे, आमियोच्या फ्रेंच अनुवादावरून. आणि तो पुढ्यात ठेवून शेक्सपिअरने 'जुलियस सीझर' लिहिलं. अनुवादाचा अनुवाद! आमच्या सरांनी त्यालाही नापास केलं असतं.

क्रमाचं म्हणाल तर सनावळीने जाऊ नका, गिल्गमेश ज्या मातीच्या पाट्यांवर कोरलंय त्यातल्या बाराव्या पाटीशीच दमाल. एखादी गोष्ट धरा आणि ती ज्या ज्या भाषेत गेली तिच्या मागे जा. मी पंचतंत्र धरलं, अजून सुटलं नाही.

हां, पीएच.डी. वगैरे डोक्यात असेल तर एक तरी जुनी भाषा शिकावीच लागेल, तिथे पळवाट नाही. आणि कवितेचं वेगळं आहे. गाथासप्तशती हा कवितासंग्रह महाराष्ट्री प्राकृतातला, म्हणजे घरचाच, तरी मी तो संस्कृत छाया (शब्दशः संस्कृत रूपांतर) आणि मराठी अर्थ यांच्या कुबड्यांवर वाचतो. अर्थ कळतो, पण गाथा कानात वाजत नाही. तेवढ्यापुरतं सरांचं बरोबर होतं. तेवढ्यापुरतंच.