‘देणं लागतो’, पण कुणाचं आणि किती?

एका वाचकाने वादविवाद स्पर्धेचा विषय मराठीत करून पाठवलाय: ‘सुपरहिरो जगाला सतत मदत करण्याचं देणं लागतात, की ते सामान्य आयुष्यासाठी पात्र आहेत?’ इथे ‘देणं लागतात’ बसतं का, की सरळ ‘कर्तव्य’ म्हणावं, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझ्या मते बसत नाही. पण का बसत नाही ते बघण्यासारखं आहे.

‘मी त्याचे पैसे देणं लागतो’ या वाक्यातला ‘त्याचे’ बघा. पैसे अजून माझ्याच खिशात आहेत, पण भाषेने ते केव्हाच त्याच्या नावावर टाकलेत. म्हणजे देणं लागायला आधी कुणाकडून तरी घेतलेलं असावं लागतं. शिवाय इथे कर्ता ‘मी’च राहतो. ‘मला द्यावे लागतात’ म्हटलं की त्या ‘मी’चा ‘मला’ होतो आणि सक्ती बाहेरून आल्यासारखी वाटते. ‘तो माझा मामा लागतो’ यातही हेच ‘लागणे’ आहे. त्यामुळे सुपरहिरो देणं लागतो म्हणणाऱ्याला आधी विचारावंसं वाटतं, की तो जगाचा कोण लागतो?

दुसरी गोष्ट, देणं फिटतं. कर्तव्य फिटत नाही. ते पार पाडायचं आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दारात उभं. जबाबदारी पेलतात, टाळतात, झटकतात, जमलं तर दुसऱ्याच्या गळ्यात घालतात. शब्दाचा स्वभाव त्याच्यासोबत येणाऱ्या क्रियापदांवरून कळतो तो असा. ‘सतत’ आणि ‘देणं’ यांचं म्हणूनच जमत नाही. कधीच न फिटणारं देणं म्हणजे वेठबिगारी. ‘आपण समाजाचं काही देणं लागतो’ हे वाक्य मात्र सगळे बिनदिक्कत वापरतात, कारण त्यातलं ‘काही’ फार सोयीचं आहे. रक्कम कुणी विचारत नाही.

आता सुपरहिरोंकडे बघू. 1938 साली कॉमिक्समध्ये आलेला सुपरमॅन परग्रहावरून तान्हा असताना पृथ्वीवर पोचला, त्याला इथल्या माणसांनी वाढवलं. त्याच्या बाबतीत ‘देणं लागतो’ चालेल. जगाचं की फक्त आईबापाचं, एवढाच वाद उरतो. 1962च्या स्पायडरमॅनचं तसं नाही. त्याला किरणोत्सर्गी कोळी चावला. त्यात जगाकडून त्याने काय घेतलं? त्याच्या खात्यावर एकच नोंद आहे: समोरून पळणारा चोर त्याने जाऊ दिला आणि पुढे त्याच चोराने त्याच्या काकाचा खून केला. हे देणं खरं, पण ते काकाचं. 1967च्या एका अंकात तो वैतागून पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकतो. मग परत का येतो? एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याला वाचवताना त्याला काका आठवतो म्हणून. जग नव्हे, काका.

मोठ्या शक्तीसोबत मोठी जबाबदारी येते, हे गाजलेलं वाक्य याच स्पायडरमॅनच्या पहिल्या कथेच्या शेवटी आहे. (तिथे ते काकाच्या तोंडी नाही, निवेदकाच्या चौकटीत आहे, काकाला ते नंतर मिळालं.) त्याचं मराठी करताना ‘जबाबदारी’ हाच शब्द नेमका. ‘जबाब’ म्हणजे उत्तर. ज्याला उत्तर द्यावं लागतं तो जबाबदार. ‘तू तिथे होतास, तुला जमत होतं, मग केलं का नाहीस?’ असं विचारलं तर त्याला गप्प बसता येत नाही. पण याचा अर्थ त्याने रात्रंदिवस कठड्यावर बसून शहर राखावं असा होत नाही. जिथे तो नव्हताच, तिथला जबाब त्याच्याकडे कसा मागणार?

रात्री कठड्यावर बसणारा म्हणजे बॅटमॅन, 1939चा. त्याच्याकडे अचाट शक्ती नाही, त्यामुळे वरचं वाक्य त्याला लागूच होत नाही. आईवडिलांचा खून डोळ्यांदेखत झाल्यावर त्याने गुन्हेगारीविरुद्ध लढायची शपथ घेतली. यासाठी आपल्याकडे ‘वसा’ हा सुरेख शब्द आहे. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये. वसा घेतला जातो, कुणी लादत नाही. म्हणून तो टाकला तर बोच लागते, पण सावकार दारात येत नाही. शिवाय वशाचं उद्यापन करता येतं. बॅटमॅनचं अजून झालेलं नाही, आणि कॉमिक्स खपतायत तोवर होण्याची चिन्हं नाहीत.

राहिला ‘पात्र’. ‘सामान्य आयुष्यासाठी पात्र’ वाचलं की अर्ज छाननीला गेल्यासारखं वाटतं. मराठी माणूस इथे ‘हक्क’ म्हणेल, आणि ‘सामान्य’ऐवजी ‘चारचौघांसारखं’. मी विषय असा लिहीन: ‘सुपरहिरोने जगाच्या हाकेला कायम धावलंच पाहिजे, की त्यालाही चारचौघांसारखं जगायचा हक्क आहे?’

फक्त ‘हक्क’ जरा जपून वापरा. ‘हक्काची सुट्टी’ माझी असते, पण ‘हक्काचं माणूस’ म्हणजे ज्याला अपरात्रीही उठवता येतं ते. सुपरहिरोला हक्काचं आयुष्य हवंय आणि जगाला तो हक्काचा माणूस म्हणून हवाय. तुमच्या स्पर्धेत दोन्ही बाजू हाच शब्द पळवतील.