डोटा २ : मॅचचे तपशीलवार आकडे कुठून मिळतात?

प्रश्न : महिनाभर जवळजवळ रोज डोटा २ (दोन संघांचा ऑनलाइन खेळ) खेळतोय, पण ओपनडोटावर (मॅचचे आकडे दाखवणारी वेबसाइट) माझी एकही मॅच दिसत नाही. मित्राने त्याची मॅच उघडली तर माझ्या जागी 'अनॉनिमस' येतं. खातं बिघडलंय का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : खातं ठीक आहे, परवानगी बंद आहे. खेळाच्या सेटिंग्जमध्ये ऑप्शन्समधल्या प्रगत पर्यायांत 'एक्स्पोज पब्लिक मॅच डेटा' आहे, त्यावर टिक करा. टिक नसेल तर व्हॉल्व्ह (हा खेळ बनवणारी कंपनी) बाहेर देत असलेल्या माहितीत तुमच्या खाते क्रमांकाऐवजी ४२९४९६७२९५ हा आकडा जातो. ३२ बिटांत मावणारी ही सर्वांत मोठी संख्या असून तिचा अर्थ 'नाव झाकलेलं' एवढाच. टिक केल्यावर ओपनडोटावर स्टीमने (व्हॉल्व्हचं खेळांचं व्यासपीठ) लॉगिन करून आपल्या पानावरचं रिफ्रेशचं बटण दाबा. स्टीमची एपीआय (प्रोग्रामना माहिती देणारी सोय) एका पानात १०० आणि एका चौकशीत अलीकडच्या ५०० पर्यंतच मॅच देते, त्यामुळे फार जुना इतिहास एका झटक्यात येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न : मित्राचा १७ अंकी स्टीम आयडी टाकला तर खेळाडू सापडत नाही. एक्सेलमध्ये वजाबाकी करून छोटा क्रमांक काढला, तर तो भलत्याच माणसाचा निघाला. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पद्धत बरोबर आहे, चूक एक्सेलमध्ये झाली. डोटाचा खाते क्रमांक म्हणजे १७ अंकी आयडीतून ७६५६११९७९६०२६५७२८ वजा केल्यावर उरणारी संख्या. पण एक्सेल १५ अंकांपर्यंतच नेमकं सांभाळतं, पुढच्या अंकांची शून्यं करून टाकतं. म्हणून आयडीचे पहिले चार अंक, म्हणजे ७६५६, काढून टाका आणि उरलेल्या १३ अंकांतून ११९७९६०२६५७२८ वजा करा. उत्तर तेच येतं आणि एकही अंक हरवत नाही.

प्रश्न : मला दहाव्या मिनिटाला किती लास्ट हिट्स (सोनं मिळवून देणारे शेवटचे घाव) झाल्या, वॉर्ड (नकाशाचा भाग दिसावा म्हणून लावायची वस्तू) कुठे लावले, कोणती वस्तू केव्हा घेतली हे हवंय. काही मॅचमध्ये हे सगळं दिसतं, काहींत फक्त शेवटचे आकडे. असं का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कारण हे दोन प्रकारचे आकडे दोन वेगळ्या ठिकाणांहून येतात. किल्स, डेथ्स, असिस्ट्स, दर मिनिटाचं सरासरी सोनं, हिरो डॅमेज, शेवटी हातात असलेल्या वस्तू हा सारांश व्हॉल्व्ह थेट देतं. मिनिटागणिक घडलेलं मात्र फक्त रीप्लेच्या (मॅचच्या रेकॉर्डिंगच्या) फाइलमध्ये असतं. ती उतरवून कोणीतरी वाचावी लागते, यालाच पार्स करणं म्हणतात. ओपनडोटा सगळ्याच मॅच आपणहून पार्स करत नाही.

तेव्हा मॅच संपली की तिचा क्रमांक टाकून पान उघडा आणि पार्सची मागणी नोंदवा. रांग असेल तर काही मिनिटं थांबावं लागतं. इथे दिरंगाई महागात पडते. व्हॉल्व्ह रीप्ले कायम ठेवत नाही, आणि एकदा तो सर्व्हरवरून गेला की नंतर कितीही मागण्या केल्या तरी वॉर्डचा नकाशा मिळणार नाही. महत्त्वाची मॅच असेल तर खेळातूनच रीप्ले उतरवून ठेवा. जावा ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर क्लॅरिटी नावाच्या मुक्त लायब्ररीने तो घरीही वाचता येतो.

ओपनडोटाच्या एपीआयमधून जेसन (मजकुराच्या रूपातली माहितीची फाइल) घेत असाल तर पार्स झालंय की नाही ते 'व्हर्जन' या रकान्यावरून कळतं. तिथे 'नल' (म्हणजे रिकामं) असेल तर अजून झालेलं नाही. लास्ट हिट्सची यादी शून्याव्या मिनिटापासून सुरू होते, म्हणून दहाव्या मिनिटाचा आकडा यादीत अकरावा असतो. पुष्कळ जण दहावा उचलतात आणि स्वतःला उगीच कमी लेखतात. सोन्याच्या आघाडीची यादी रेडिअंटच्या बाजूने असते (रेडिअंट आणि डायर हे खेळातले दोन संघ). आकडा उणे असेल तर डायर पुढे.

प्रश्न : जिंकलो की हरलो हा रकानाच सापडत नाही. वेळही चुकीची येते. (तोच वाचक)

उत्तर : तुमच्या मॅचच्या यादीत दोन रकाने एकत्र वाचावे लागतात. प्लेयर स्लॉट (खेळाडूच्या जागेचा क्रमांक) १२८ पेक्षा कमी असेल तर तुम्ही रेडिअंट, १२८ किंवा जास्त असेल तर डायर. मग 'रेडिअंट विन' खरं आहे की खोटं ते पाहा. वेळ युनिक्स सेकंदांत (१ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या) आणि यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते. एक्सेलमध्ये तिच्यात १९८०० मिळवा, ८६४०० ने भागा, २५५६९ मिळवा आणि त्या चौकटीला तारीख-वेळेचा फॉरमॅट द्या. भारतीय वेळ मिळेल. ओपनडोटाकडे चौकशा स्क्रिप्टने (छोट्या प्रोग्रामने) करत असाल तर मिनिटाला ६० च्या आत ठेवा. मर्यादा ओलांडली की ४२९ हा एरर येतो, आणि स्क्रिप्टने तो तपासला नाही तर यादीतल्या मॅच गुपचूप गळतात.