पहिलं सेमिस्टर हाय, आधी एवढं सांभाळ

भाऊ, घाबरू नको. असाइनमेंटची तारीख कळली की स्वतःची तारीख दोन दिवस आधीची धर, कारण शेवटच्या रात्रीच होस्टेलची लाइट जाते आन् सकाळी झेरॉक्सवाल्याकडं ही रांग.

मित्रासोबत चर्चा बिनधास्त कर, पण लिहिताना त्याची वही मिटून ठेव. पोरं इथंच फसायलेत. आमच्या वर्गातल्या एकानं सीनियरची फाइल उतरवली, आतल्या पानावर सीनियरचाच रोल नंबर राहिला, सगळं परत लिहावं लागलं, लई वाईट वाटलं. यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २०१८ चा वाङ्मयचौर्याचा, म्हंजे दुसऱ्याचं लिखाण उतरवण्याचा, नियमच हाय, प्रबंधात १० टक्क्यांच्या वर साम्य निघालं की कारवाई, म्हणून सवय आत्ताच लाव.

उशीर होणार असंल तर सरांना तारखेच्या आधी जाऊन सांग, नंतर नाही. संदर्भसूचीचं पुढच्या सेमिस्टरला बघू.