हवेतील दमटपणा आणि व्हायोलिन

प्रश्न : दमट हवेत माझ्या व्हायोलिनच्या खुंट्या इतक्या घट्ट बसतात की त्या फिरवणे कठीण होते, आणि हवा कोरडी झाली की त्याच खुंट्या निसटून तारा उतरतात. आता वरच्या फळीची कडाही एका जागी सुटलेली दिसते. लाकडाला तेल लावावे का? पेटीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात का?

उत्तर : तेल मुळीच लावू नये. ते सुटलेल्या सांध्यात मुरले, तर तेथे पुन्हा सरस धरणे अवघड होते. लाकूड हवेतील बाष्प शोषते आणि सोडते. बाहेरच्या वार्निशामुळे हा वेग मंदावतो, पण थांबत नाही, आणि व्हायोलिनची आतली बाजू तर बहुधा उघडीच असते. बाष्प शोषलेले लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, ते आडवे फुगते, आणि तेही सर्व बाजूंनी सारखे नाही. त्यामुळे गोल घडवलेली खुंटी किंचित लंबगोल होते, तिचे भोकही आकार बदलते, आणि दोन्ही एकमेकांत अडकतात.

सुटलेल्या कडेमुळे घाबरून जाऊ नये. फळ्या जाणूनबुजून पातळ सरसाने चिकटवतात, कारण लाकूड आकसले की फळी तडकण्याआधी सांधा सुटावा. सांधा पुन्हा जोडता येतो, तडा मात्र कायमचा राहतो. ती कडा घरातल्या गोंदाने चिकटवू नये, कारागिराकडूनच जोडून घ्यावी. तोवर तारा थोड्या सैल कराव्यात, पण सगळ्या एकदम उतरवू नयेत, कारण आतली काठी दोन फळ्यांमध्ये केवळ दाबावर उभी असते आणि ताण गेला की ती पडू शकते.

सिलिका जेलचे उत्तर मोजमापावर अवलंबून आहे. पेटीत छोटा आर्द्रतामापक ठेवावा आणि सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावेल त्याच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेले बाष्प, 40 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान राखावी. मापक खरा आहे का, हे घरी तपासता येते : बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते पाण्याचे थेंब टाकून ओलसर करावे आणि मापकासह हवाबंद पिशवीत 8-10 तास ठेवावे; आकडा 75 टक्क्यांच्या आसपास यायला हवा. पेटीतला आकडा सतत 60 च्या वर असेल तरच पुड्या ठेवाव्यात, आणि तो खाली येताच काढाव्यात. माझ्या मते वाद्याला दमटपणापेक्षा कोरडेपणाचा धोका मोठा आहे, आणि सर्वांत घातक म्हणजे वेगाने होणारा बदल. 0 अंश सेल्सिअसची बाष्पाने भरलेली हवा खोलीत 20 अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता 30 टक्क्यांच्याही खाली जाते. म्हणून वाद्य हीटरजवळ किंवा एसीच्या झोतात ठेवू नये, आणि वाजवून झाले की पेटीत बंद करावे.

अडकलेली खुंटी पकडीने पिळू नये. वाद्य काही तास मध्यम आर्द्रतेच्या खोलीत राहिले की ती बहुधा आपोआप सैल होते.